पोस्टकार्डाएवढी जागा

आमच्या वडिलांच्या टोपीत कायम एक जुनं पोस्टकार्ड खोचलेलं असे. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याला कुणाचं तरी पत्र आलंय आणि वाचून दाखवायला कोणी भेटत नाही. खरं म्हणजे ते आमचं हत्यार होतं. लोणावळ्याच्या बाजारात आमचं काचेचं दुकान. बंगल्यांच्या खिडक्यांना तावदानं बसवायची, तसबिरी मढवायच्या, फुटके कंदील दुरुस्त करायचे, हा धंदा. तावदान चौकटीत ठेवलं की कडेच्या फटीत लांबीचा लगदा भरण्याआधी वडील ते कार्ड काच आणि लाकूड यांच्या मधून चारी बाजूंनी फिरवत. सहज फिरलं तर ठीक. कुठे अडलं तर काच बाहेर काढायची, दगडावर कड घासायची आणि पुन्हा बसवायची. पुण्यात काच घट्ट बसवली तरी निभावतं, असं ते म्हणत. आमच्याकडे आषाढात लाकूड फुगतं, आणि त्याला हातपाय पसरायला जागा ठेवली नाही तर ते काचेवर रेटतं.

वडील गेल्यावर ते पोस्टकार्ड माझ्या टोपीत आलं. मी ते शेकडो तावदानांभोवती फिरवलं असेल. एकदा अडलं, तेव्हा मी ते काढून परत टोपीत खोचलं आणि काच तशीच राहू दिली. त्या एका वेळेपायी हे सगळं लिहायला बसलो आहे.

पहिली मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या एका गिरणीमालकाच्या विधवेने खंडाळ्याच्या रस्त्याला बंगला घेतला होता. मुंबईची हवा तिला मानवत नसे, म्हणून ती बारा महिने इथेच राही. आम्ही सगळे तिला बाईसाहेब म्हणत असू. तिच्याकडे विजेवर चालणारी मोटार होती. पेट्रोलच्या वासाने बाईसाहेबांचं डोकं उठे, म्हणून नवऱ्याने हयातीत ती विलायतेहून मागवून दिली होती. बंगल्यामागे तेलावरचं इंजिन होतं. त्याच्यावर वीज तयार व्हायची आणि ती मोटारीच्या बॅटऱ्यांत भरायची. एकदा भरली की खंडाळ्याला जाऊन येण्यापुरती पुरे. आवाज जवळजवळ नाहीच, नुसती घंटा. बाजारात लोक तिला मुकी गाडी म्हणत. ती उंच होती, चारी बाजूंनी जाड काचा, आणि आत दोन माणसं बैठकीत बसल्यासारखी समोरासमोर बसत. बाईसाहेब ती स्वतः हाकत. बाईमाणूस मोटार हाकतंय हे बघायला लोक दुकानं सोडून रस्त्यावर येत, आणि त्यात मीही असे, उगाच साळसूदपणा कशाला.

मोटारीसाठी एक माणूस ठेवलेला होता. उर्से गावचा, कुणब्याच्या घरचा, माझ्याच वयाचा, म्हणजे पंचविशीतला. बॅटऱ्यांत वीज भरणं, त्यांना पाणी घालणं, मोटार धुणं-पुसणं, बाईसाहेब निघाल्या की बरोबर बसणं, हे त्याचं काम. गड्याला शाळेचा गंध नव्हता, पण कुठल्या बॅटरीत पाणी उतरलंय हे तो झाकण उघडण्याआधी सांगे. काचा तर अशा पुसायचा की मला, काचवाल्याला, लाज वाटावी. उर्स्यात त्याचा बाप सगळ्यांना सांगत फिरायचा, आमच्या पोराच्या हातात मोटार हाय म्हणून. तो मला मिस्तरी म्हणे, मी त्याला भाऊ म्हणे. दुकानावरून जाताना थांबून तो दोन गोष्टी बोलल्याशिवाय जात नसे.

त्या वर्षी चैत्रात बाईसाहेबांनी मोटार मागे घेता घेता बागेतल्या मांडवाच्या डांबाला धडकवली. मागची काच फुटून सगळी आत बैठकीवर पडली. बाईसाहेबांना खरचटलंही नाही. त्या खाली उतरल्या, फुटक्या काचेकडे पाहिलं आणि पोट धरून हसल्या. बंगल्यातले नोकरही हसले. मला निरोप आला तेव्हा तिथे समारंभ असल्यासारखं वातावरण होतं.

काच साधी खिडकीची नव्हती. जाड, दोन्ही बाजूंनी घोटलेली, बाहेरचं झाड वाकडं दिसू न देणारी. अशी काच लोणावळ्यात कुठून मिळणार? बाईसाहेब म्हणाल्या, मुंबईच्या कारखान्याला लिहिते, त्यांना तीन आठवडे लागतील. शहाणा माणूस म्हणाला असता, लिहा. मी म्हणालो, "कशाला बाईसाहेब? दोन दिवसांत मी बसवून देतो."

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला दुसऱ्या कोणाची गरज कधीच पडली नाही, ते काम मी स्वतःच करतो. दुकानात एका मोडक्या शृंगारमेजाचा आरसा पडून होता. विलायती, जाडीला बरोबर, पाठीमागचा पारा डागाळलेला. मी आख्खा दिवस बसून तो पारा खरवडला. पाठ मोडून आली. खरवडता खरवडता काच जशी स्वच्छ होत गेली तसा मी मनात मुंबईच्या कारखान्याला चार गोष्टी ऐकवत गेलो. दुसऱ्या दिवशी माप घेतलं, हिऱ्याने काच कापली आणि बंगल्यावर नेली.

चौकटीच्या खाचेत आधी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी होती, ती कुजून गेलेली. तसा नमदा माझ्याकडे नव्हता. मी ठरवलं, काच अशी मापात बसवू की नमदाच लागू नये. बाईसाहेब समोर खुर्ची टाकून बसलेल्या, त्यांच्याकडे कोणी पाहुणे आलेले. माझं कौतुक चाललं होतं. मी टोपीतलं कार्ड काढलं आणि फिरवलं. खालून फिरलं, दोन्ही बाजूंनी फिरलं. वरच्या कडेला उजव्या कोपऱ्यात अडलं.

काच काढायची म्हणजे परत दुकानात न्यायची आणि कड घासायची. तेवढ्या जाड काचेची कड घासायला अर्धा दिवस जातो. मी दोन दिवस म्हणालो होतो आणि दुसऱ्या दिवसाची दुपार झाली होती. पाहुण्यांपैकी एकजण घड्याळ काढून म्हणाला, "माणूस शब्दाचा पक्का आहे हो तुमचा." कार्ड मी टोपीत खोचलं, काच अंगठ्याने रेटून बसवली आणि वरून लाकडी पट्ट्या ठोकल्या. काच नुसती झळकत होती. बाईसाहेबांनी त्याच संध्याकाळी आजूबाजूच्या तीन बंगल्यांना माझं नाव सांगितलं.

आषाढात एका सकाळी निरोप आला, लगेच या. मोटारखान्यात बाईसाहेब उभ्या होत्या. उर्स्याचा भाऊ भिंतीला टेकून उभा होता, हातात पुसायचं फडकं तसंच. मागच्या काचेवर वरून खालपर्यंत एक तडा गेला होता.

इथे थोडं काचेविषयी सांगायला हवं. काचेला काही लागून ती फुटली तर जिथे लागलं तिथे खूण राहते आणि तिथून चहूकडे रेघा फुटतात. आणि काच दाबाने तडकली तर खूण कुठेच नसते. एकच रेघ, कडेपासून निघालेली, वळत वळत गेलेली. ही रेघ वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघाली होती. मला दारातूनच कळलं. दुसरा कोणी काचवाला असता तर त्यालाही दारातूनच कळलं असतं, पण लोणावळ्यात दुसरा नव्हता.

बाईसाहेब म्हणाल्या, "काल संध्याकाळी यानेच मोटार धुतली, पुसली, मोटारखाना बंद केला. किल्ली याच्याकडे. सकाळी काच फुटलेली. मी विचारते, तर म्हणतो मी काही केलं नाही."

"मी न्हाई फोडली बाईसाब," तो म्हणाला. "आयच्यान सांगतो. हात बी लागला न्हाई."

"काच फुटली म्हणून मी कोणाला काढत नाही," त्या म्हणाल्या. "पहिली तर मीच फोडली होती. पण खोटं मला चालत नाही. फुटली म्हण, चुकलो म्हण, विषय संपला."

"न्हाई फोडली तर कसं म्हनू?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुम्ही जाणकार आहात. मला एवढंच सांगा, बंद मोटारखान्यात काच आपोआप फुटते का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर आशा होती, हे मला सांगितलंच पाहिजे. मिस्तरी आला, आता मिस्तरी सांगेल, असं त्याला वाटत होतं. तोंडात शब्द तयार होते: बाईसाहेब, ही माझी चूक आहे, मी काच घट्ट बसवली. दहा शब्दही नाहीत. त्यांनी मला रागावून नवी काच बसवायला सांगितली असती आणि कदाचित पुन्हा हसल्याही असत्या. पण मुंबईच्या कारखान्यावर मात करणारा मिस्त्री म्हणून मी तीन महिने बाजारात छाती काढून फिरत होतो. त्या तीन बंगल्यांची कामं माझ्याकडे आली होती. माणसं मला हाका मारून थांबवत होती.

मी म्हणालो, "नाही बाईसाहेब. काच आपोआप कशी फुटेल?"

यात एक अक्षर खोटं नव्हतं. काच आपोआप फुटली नव्हती, मी फोडली होती, तीन महिने आधी, अंगठ्याने रेटून. पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की बाबा, तू खोटं बोलला नाहीस. सांगून सांगून त्या समजुतीच्या चिंध्या झाल्या.

बाईसाहेब त्याला म्हणाल्या, "ऐकलंस? आता तरी बोल." त्याने नकारार्थी मान हलवली. "मिस्त्रींना नवी काच बसवायला मदत कर आणि मग सामान घेऊन जा," एवढं सांगून त्या निघून गेल्या.

आरशाचा उरलेला तुकडा दुकानात होता. तो मी त्याच दिवशी कापून आणला. तडकलेली काच काढली तेव्हा कोपऱ्यात लाकूड चेपून गुळगुळीत झालेलं दिसलं. मी ते पटकन फडक्याने झाकलं. या खेपेला मी काच चारी बाजूंनी जरा कमीच कापली होती. त्याने काच दोन्ही हातांनी खाचेत धरून ठेवली, आणि मी टोपीतून कार्ड काढून फिरवलं. एकदा सगळीकडून, आणि पुन्हा एकदा सगळीकडून. वरच्या उजव्या कोपऱ्यात तिसऱ्यांदा फिरवलं.

"हे कशापायी फिरवता मिस्तरी?" त्याने विचारलं.

"सवय," मी म्हणालो.

काच बसल्यावर माझ्या बोटांचे डाग त्याने फडक्याने पुसून काढले. कोणी सांगितलं नव्हतं. मग फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं, किल्ली स्वयंपाक्याकडे दिली, वळकटी उचलली आणि स्टेशनच्या बाजूला चालू लागला. मला म्हणाला, "येतो मिस्तरी." माझ्या तोंडून निघालं, "बरं."

घरी बायकोने विचारलं, ताट तसंच का ठेवलंत? मी तिच्यावर खेकसलो. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी सहज म्हणाली, "तो उर्स्याचा भाऊ दुकानावर येत नाही हल्ली." तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "उर्सं काही विलायतेत नाही."

म्हणून मी गेलो. आमची ईद झाल्यावर तळेगावपर्यंत गाडीने, तिथून उर्स्याच्या वाटेने सोमाटण्यापर्यंत चालत. सोमाटण्याच्या नाक्यावर माझ्या ओळखीचा एक दुकानदार होता, त्याच्याकडे टेकलो. त्याने चहा दिला. कुठे निघालात म्हणून विचारलं. मी उर्स्याला म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "इथवरच. एका चौकटीचं माप घ्यायचं होतं." दुसरा चहा प्यालो आणि आल्या वाटेने परत फिरलो. बायकोला सांगितलं, भेट झाली नाही. हेही खोटं नव्हतं. माझं सगळं खोटं असं खऱ्याचे कपडे घालून येतं.

वर्षं गेली. विजेच्या मोटारीच्या बॅटऱ्या संपल्या, नव्या मिळेनात. बाईसाहेबांनी पेट्रोलची मोटार घेतली आणि मुकी गाडी मोटारखान्यात मागे ढकलून ठेवली. पुढे बाईसाहेबही वारल्या. बंगला विकायला निघाला तेव्हा काचांची मापं घ्यायला मी गेलो होतो. मोटारीची चाकं जमिनीत रुतली होती, पत्रा गंजला होता, बैठकीत उंदरांनी घर केलं होतं. मागची काच मात्र शाबूत होती. मी तिच्याभोवती कार्ड फिरवून पाहिलं. त्या वेळीही ते सहज फिरलं.

दुसरी लढाई आली आणि पेट्रोल दिसेनासं झालं. उतारू नेणाऱ्या सर्व्हिसच्या मोटारी कोळशावर चालू लागल्या. पाठीमागे ही मोठी भट्टी, तिच्या धुरावर मोटार चालायची. चालायची म्हणजे चढ आला की दम टाकायची, मग सगळे खाली. अशाच एका मोटारीने मी पुण्याहून येत होतो. सोमाटण्याला एक माणूस चढला, मुंडासं, हातात पिशवी. माझ्या शेजारी बसला, माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि म्हणाला, "मिस्तरी न्हवं का तुमी? लोणावळ्याचं?"

मी त्याला आवाजावरून ओळखलं. तो जुना दोस्त भेटावा तसा हसत होता. कामशेतच्या बाजाराला चालला होता. बापाच्या माघारी शेती बघतो, दोन मुली उजवल्या, असं सगळं सांगितलं. माझ्या बायकोची चौकशी केली. धुराच्या भट्टीकडे बोट दाखवून म्हणाला, "आपली मुकी गाडी बरी व्हती. ना धूर, ना घान." शेजारच्यांना त्याने विजेच्या मोटारीची हकिगत सांगितली. ते त्याला वेड्यात काढू लागले, तेव्हा मला म्हणाला, "सांगा की वो मिस्तरी, व्हती का न्हाई?" मी म्हणालो, होती. या वेळी तरी त्याच्या बाजूने साक्ष दिली.

वडगावच्या पुढे मोटार थांबली. ड्रायव्हर भट्टी ढवळायला उतरला. आम्ही दोघे रस्त्याकडेच्या करंजाखाली बसलो. त्याने पिशवीतून शेंगा काढल्या, अर्ध्या मला दिल्या.

मग आपणहून म्हणाला, "मिस्तरी, माजं चुकलंच त्या येळी. मी उगा नडलो."

"कशात?"

"काचंच्या पायी. मी घरी गेलो, बाला सांगितलं, मी न्हाई फोडली. बा म्हनला, मिस्तरी काय म्हनला? म्या सांगितलं, मिस्तरी म्हनला काच आपोआप फुटत न्हाई. बा म्हनला, मग? तो जानकार मानूस, त्याचं तुज्याशी वैर न्हाई, तो कशाला खोटं बोलंल? मग मी लय इचार केला. आदल्या सांजच्याला पुसताना हाताला कायतरी लागल्यावानी झालं व्हतं का? आदी वाटायचं, न्हाई. मग वाटाय लागलं, लागलं असंल. मग तर पक्कंच आठवाय लागलं, की लागलं व्हतं." त्याने शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "दिवाळीच्या आदी गेलतो बाईसाबाकडं. पायावर डोकं ठिवलं. म्हनलं, बाईसाब, माज्याच हातनं फुटली, मी खोटं बोललो, माफी करा. बाईसाब म्हनल्या, खरं बोललास, बरं केलंस. जागा भरली व्हती, पर त्यांनी माफी केली. तवापास्नं जिवाला बरं वाटलं."

मला हे काही माहीत नव्हतं. बाईसाहेब मला कधी बोलल्या नाहीत, कशाला बोलतील? मी हातातली शेंग फोडली नाही. तो बरा झालेला माणूस होता. आता सांगावं की तसंच राहू द्यावं, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो विचार मी लगेच ओळखला. तो माझा जुना सोबती होता, तोच सोमाटण्याहून मला परत घेऊन आला होता.

मी टोपीतून पोस्टकार्ड काढलं. वडिलांचं केव्हाच झिजून गेलं होतं, हे चौथं की पाचवं. ते त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. लाकूड, आषाढ, वरचा उजवा कोपरा, घड्याळ काढणारा पाहुणा. एकही गोष्ट गाळली नाही आणि एकही मऊ केली नाही. शेवटी म्हणालो, "तू फोडली नव्हतीस. तुझा हात लागला नव्हता. काच मी फोडली, आणि मला तेव्हाच माहीत होतं."

तो कार्ड उलटसुलट करून पाहत राहिला.

"मी इचारलं व्हतं तुमाला," तो म्हणाला. "हे कशापायी फिरवता. तुमी म्हनला, सवय."

"हो."

"बा म्हातारा व्हऊन मेला. शेवटपोत्तर म्हनायचा, माजं पोरगं चुकलं, पर जाऊन कबूल झालं."

माफी मागायची म्हणून मी हात जोडले, तर त्याने माझ्या हातांकडे पाहिलंही नाही. त्याने कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. ड्रायव्हरने भट्टीचं झाकण लावलं आणि चला म्हणून हाक मारली. लोक उठून मोटारीकडे जाऊ लागले. तो उठला, धोतर झटकलं, पिशवी उचलली.

"मिस्तरी," तो म्हणाला, आवाज न चढवता, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखा, "मी जी माफी मागितली, ती आता कुनाकडनं माघारी घिऊ?"

मोटारीत तो पुढच्या बाकावर जाऊन बसला आणि कामशेतला उतरला.